जोमातात्यांचा नेम

बंदुकीच्या नळीला नाक लावून वास घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोसुद्धा प्लॅस्टिकच्या बंदुकीचा.

खोपोलीत शिळफाट्याला, बाजाराच्या वरच्या मजल्यावर आमचं गेम झोन आहे. आमचं म्हणजे शेटचं. मी तिथे टोकन विकते, मशिनी पुसते आणि पोरांची भांडणं सोडवते. सोडवताना दोन धपाटे माझ्याकडूनही जातात, त्याला इलाज नाही. एका बाजाराच्या दिवशी भर दुपारी एक म्हातारा जिना चढून वर आला. खाकी हाफ पँट, वर सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला वालाच्या शेंगांची पिशवी. मला वाटलं मुतारी विचारायला आला असेल. तो सरळ बंदुकीच्या मशिनीपाशी गेला, तारेला बांधलेली लाल बंदूक उचलली, हातात तोलली, नळीत एक डोळा घालून पाहिलं आणि मग नाक लावलं.

"वास नाय हिला," तो म्हणाला.

"काका, खेळण्यातली आहे ती."

"तेच बोलतो. मग हिच्यानं मानसं मरतात कशी?" पडद्यावर तेव्हा खेळ आपला आपलाच चालला होता आणि तोंडाला फडकी बांधलेले चोर धडाधड पडत होते.

"ती पण खेळण्यातलीच आहेत."

"मग बरं हाय. दे एक टोकन."

हे जोमातात्या. कुंभिवलीच्या अलीकडे त्यांचं घर, पुढे वालाचं शेत आणि शेताला लागून गोदामाची उंच पत्र्याची भिंत. बायको गेलेली, मुलगा नाही, एकच लेक. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की म्हातारा भयंकर आहे. मशिनीत खेळ असा, की एका गल्लीत दारांमागून, खिडक्यांतून चोर उगवतात. आपण त्यांना मारायचं, नाही मारलं तर ते आपल्याला मारतात. तात्यांनी बंदूक खांद्याला लावली, पहिला चोर एका गोळीत आडवा केला आणि बंदूक खाली घेऊन चक्क मान खाली घालून उभे राहिले. डावा हात नळीवरून वरखाली चालला होता. तेवढ्यात बाकीच्या चोरांनी त्यांचा फडशा पाडला. पडदा लाल झाला.

"आरं हरामखोरा, ठासू तर दे!" असं ओरडून त्यांनी मशिनीला असा गुद्दा हाणला, की बाजूची पट्टी निखळून माझ्या पायाशी आली.

म्हाताऱ्याकडे घरी खरी बंदूक होती. ठासणीची, आजोबांच्या वेळची, पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, निवडणूक गेली की परत आणायची. त्या बंदुकीत एकच बार. तो उडाला की नळीत दारू ओता, चिंधी कोंबा, छर्रे टाका, पुन्हा चिंधी, गजाने ठासा, केप बसवा, घोडा ओढा. तोवर डुक्कर पळालेलं असतं किंवा अंगावर आलेलं असतं. जन्मभर ही सवय, मग हात कसा थांबणार? जित्याची खोड.

मी निखळलेली पट्टी उचलली आणि तोंड सोडलं. "घरची आहे का मशीन तुमच्या? वय काय, करताय काय! परत दिसलात तर जिन्यावरून ढकलून देईन."

तात्या शांतपणे म्हणाले, "ढकल. पन आधी शेंगा घे. कवळ्या हायत."

पुढच्या बाजाराला ते पुन्हा आले. शेट म्हणाला, "वंदना, म्हाताऱ्याला हाकल." मी म्हटलं, "तू हाकल. मला माझे दात हवेत." शेटने नाही हाकललं. मग मीच तात्यांना शिकवलं. गोळ्या संपल्या की बंदूक पडद्याच्या बाहेर, बाजूला धरायची आणि चाप ओढायचा. की भरली बंदूक. पुन्हा पडद्यावर आणा आणि मारा.

"म्हंजे एक बार फुकट घालवायचा, तवा बंदूक भरनार?"

"हो."

"आसं आसतं तर आमी सगलं रान रिकामं केलं आसतं," म्हणाले आणि इतके हसले की खोकला लागला.

पण शिकले. आधी अडखळायचे, मग हात बसला. महिनाभरात तर असा बसला, की बंदूक वर येताच आधी डावीकडे झटका, चाप, आणि तिथूनच सरकत पडद्यावर. दोन हालचालींची एकच झाली. सुरुवातीलाही तेच. गोळ्या भरलेल्या असल्या तरी आधी डावीकडे एक चाप ओढल्याशिवाय त्यांना खेळ सुरू केल्यासारखं वाटेना. मी म्हणायचे, "तात्या, भरलेलीच आहे." ते म्हणायचे, "आसूंदे. हात बोलतो भर, तर भरायची." आणि डावीकडे कोण बसायचं? मी, काउंटरवर. म्हणजे खेळायचे ते आणि दिवसभर मरायचे मी.

तात्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असे. तोंडाने बोलताना हातही चाललाच पाहिजे. एकदा सहलीला आलेल्या कॉलेजच्या पोरांतल्या एकाने मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला आणि नेम धरलेल्या कोपराला मुद्दाम धक्का दिला. तात्यांनी बंदूक जागेवर नीट ठेवली, त्या पोराची कॉलर धरली आणि त्याला बास्केटबॉलच्या जाळीवर असा दाबला, की जाळीचे चौकोन त्याच्या गालावर उमटले. "मी तुला धक्का मारलेला काय?" हे ते अगदी हळू विचारत होते. पोरगा रडायला लागला तेव्हा सोडला, आणि जाताना त्याच्या खिशात मूठभर शेंगा कोंबल्या. ही त्यांची माफी. मार आणि शेंगा, दोन्ही एकाच हाताने.

मांडीवर त्यांच्या वीतभर लांब, खोल वण होता. कुणी विचारलं नाही तरी हाफ पँट वर करून दाखवायचे. एकदा पॉपकॉर्न खात बसलेल्या पुण्याच्या तीन बायकांना त्यांनी अख्खी गोष्ट सांगितली. रानडुक्कर, बार हुकला, ठासायला वेळ नाही, ते आलं अंगावर, सुळा मांडीत गेला, हाड दिसलं, मग कोयता. कोयता कुठे घातला, कसा फिरवला, रक्त किती गरम होतं, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. त्यातली एक बाई पॉपकॉर्न टाकून उठली. "बार हुकला का मानूस संपला बगा," तात्या तिच्या पाठीकडे बघत म्हणाले.

मी एकदा विचारलं, "तात्या, घरी खरी बंदूक आहे, मग इथे कशाला येता?"

"उजव्या डोल्याचा मोतीबिंदू काढला. नेम राहिला का गेला, कललं पायजेल. दारू महाग, बार फुकट घालवता येत नाय."

"डुकरासाठी एवढी तालीम?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कुठली गं?"

"कर्जतची. भिसेगाव."

हातातली बंदूक खाली आली. "मग दिन्या टेंपोवाला वलखत आसशील."

दिन्याला भिसेगावात कोण ओळखत नाही? आमच्या मागच्याच गल्लीत राहतो. दारू उतरेपर्यंत बायकोला मारायचा आणि उतरली की ती उतरली म्हणून मारायचा. आधी भांडी पडल्याचा आवाज यायचा, मग तिचा यायचा, मग शेजारच्या घरांतले टीव्ही एकेक करून मोठे व्हायचे. मी दोनदा त्याच्या दारात जाऊन बोंबललेय. पहिल्यांदा त्याने दार लावून घेतलं, दुसऱ्यांदा माझ्यावर बादली फेकली. ती बादली मी परत दिली नाही, अजून वापरते.

"सुरेखाचा नवरा ना?" मी म्हटलं.

"सुरेखा माजी लेक. दिन्या माजा जावय," तात्या म्हणाले. "त्याला मारायचाय मला."

मी हसले. ते हसले नाहीत. पडद्याकडे वळून त्यांनी नवा खेळ लावला. त्या खेळात लाल शर्टवाला एक जाडा चोर आहे, तो शेवटी येतो आणि एका गोळीत मरत नाही. "आला बग, आला माजा जावय," असं म्हणून त्यांनी त्याला मारायला सुरुवात केली. आजूबाजूची पोरं खिदळली. मी मात्र या वेळी हसले नाही.

नंतर सगळं त्यांनीच सांगितलं. लपवण्याची सवयच नव्हती त्या माणसाला. पहिल्यांदा सुरेखा माहेरी आली तेव्हा तिचा दात पडला होता. दिन्याने गावकीपुढे, देवळात, नारळ हातात घेऊन शपथ वाहिली आणि तिला नेलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा एका कानाने ऐकू येईना. पुन्हा गावकी, पुन्हा नारळ. त्या बैठकीत दिन्याच्या बाजूचा एक वजनदार माणूस मान हलवत म्हणाला, "तात्या, एका हाताने टाळी वाजत नाही." तात्या उठले, त्याच्यापाशी गेले आणि एकाच हाताने त्याच्या थोबाडीत दिली. देवळाच्या घुमटात आवाज घुमला. "वाजली ना?" म्हणाले. बैठक मोडली. सुरेखाला तरीही पाठवावं लागलं, कारण मारकुटा बाप आणि मारकुटा नवरा यांत गावकीला म्हणे फरक दिसेना. मूर्ख लेकाचे!

"आता नारल नाय," तात्या मला म्हणाले. "आता तिच्या अंगाला हात लागला, का दिन्या गेला."

त्यानंतर तात्या यायचे ते नेम साधायला आणि लेकीची खबर घ्यायला. आधी मला विचारायचे, "काल काय आवाज?" मी पहिल्या पहिल्यांदा खरं सांगितलं, मग खोटं सांगायला लागले. "काही नाही, शांत होतं." माझं खोटं त्यांना लगेच कळायचं, आणि त्या दिवशी लाल शर्टवाल्याचे फार हाल व्हायचे.

एक दिवस सुरेखाच आली. मी तिला ओळखत होते, पण एवढ्या उजेडात कधी पाहिली नव्हती. ओठ सुजलेला, पदर कानावरून ओढलेला. बोलताना चांगला कान माझ्याकडे करायची.

"ताई, तात्या इथं बंदूक खेलायला येतात?"

"येतात."

"बंद करा ती मशीन."

"मशीन बंद केली म्हणून ते थांबतील? घरात खरी आहे."

"ठावं हाय. भरून ठेवलीय. शेतावरच्या खोपीत. डुकरासाठी बोलतात, पन ते डुक्कर कुठलं ते मला ठावं हाय." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "ताई, दिन्या मेला तर मी रडनार नाय. खोटं कशाला बोलू? पन तात्या जेलात गेले तर माजं कोन हाय? मला मार लागतो तवा मी एकच धरून ऱ्हाते, का कुंभिवलीला एक घर हाय. त्या घराला कुलूप लागलं का मी संपले."

"मग ये ना सोडून. कायमची."

"आले तर दिन्या मागं येनार. दिन्या आला का तात्या बार काढनार. म्हनून तर मी तिथंच मार खात बसलेय."

मला तेव्हा त्या दोघांचा, सगळ्यांचाच इतका संताप आला की काय सांगू. बाप लेकीसाठी खून करायला टपलेला, आणि लेक बापाने खून करू नये म्हणून हाडं मोडून घेतेय. मी तिला लिंबू सरबत दिलं आणि म्हटलं, "ठाण्यात तक्रार दे. मी येते बरोबर." ती म्हणाली, "बगू." आपल्याकडे बगू म्हणजे नाही.

संध्याकाळी तात्या आले तेव्हा मी त्यांना तोंडावर सगळं सांगितलं. तुमची लेक तुमच्या भीतीने तिथे मरतेय म्हटलं. तात्यांनी ऐकून घेतलं. बंदुकीच्या तारेचा पीळ सोडवला.

"मग तिला बोल, यं. मी बार नाय काडनार."

"शपथ?"

"नारल आन, हातात घेतो," म्हणाले आणि स्वतःच हसले. त्या हसण्यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही.

पण सुरेखा आली. पुढच्या थंडीत, वालाला पुन्हा शेंगा धरल्या तेव्हा, कपड्यांची एक पिशवी घेऊन कायमची आली. तात्यांनी मला पोपटीला बोलावलं. आमच्या रायगडात पोपटी म्हणजे थंडीचा सण. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ-ओवा लावलेली कोंबडी भरायची, वर पुन्हा पाला, आणि मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. उन्हं उतरत होती. भावकीतले दोन-तीन पुरुष जाळाभोवती बसले होते. सुरेखा बांधावर कांदा चिरत होती आणि तात्या जाळ सारखा करत माझी चेष्टा करत होते. "हिला मी किती वेला मारली, पन मरत नाय," असं सगळ्यांना सांगत होते.

तेवढ्यात टेंपो शेताच्या कडेला येऊन थांबला.

दिन्या उतरला तो पिऊनच. एक शब्द बोलला नाही. सरळ बांधावर आला, सुरेखाची वेणी मनगटाला एक वेढा देऊन धरली आणि तिला ओढत निघाला. ती पालथी पडली. भाताच्या कापलेल्या धसांवरून तिचा गाल घासत चालला होता. मी धावले, तर त्याचं कोपर माझ्या छातीत बसलं आणि मी खाली बसले, श्वासच घेता येईना. भावकीतले पुरुष उभे राहिले. नुसते उभे राहिले. "आरं दिनू, आरं सोड," एवढंच. नवराबायकोचा मामला ना! आग लागो त्या मामल्याला.

तात्या खोपीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बंदूक होती. घोडा ओढलेला. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त भयानक वाटलं. दिन्याने पाहिलं आणि तो थिजला. वेणी हातातून सुटली, सुरेखा लोळत बाजूला झाली. मध्ये कोणी नाही. अंतर काहीच नाही. दिन्याचा शर्ट निळा होता, तोही मला आठवतो.

सुरेखा ओरडली, "तात्या, नगा!"

तात्यांनी बंदूक वर घेतली, आणि ती डावीकडे गेली. झटका, चाप, धडाम! गोदामाच्या पत्र्यावर छर्रे ताडताड वाजले, कावळे उडाले, धुराचा लोट झाला. आणि त्या धुरातून बंदूक तशीच सरकत, अगदी सफाईने, दिन्याच्या छातीवर येऊन थांबली. तात्यांनी चाप ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. मग ते बंदुकीकडे बघायला लागले.

तिथे काय झालं ते त्या शेतात मला एकटीला कळलं. मशिनीचा हात होता तो. बंदूक आधी बाहेर, मग माणसावर. मीच बसवला होता तो हात, आणि मला त्याचा आजही माज आहे.

दिन्याला मात्र वाटलं म्हातारा घाबरला. तो खदखदून हसला, जाळाजवळचा बांबू उचलला आणि तात्यांच्या डोक्यात घातला. टोपी उडाली. दुसरा तडाखा खांद्यावर, तिसरा पाठीत. तात्या गुडघ्यावर आले, कपाळातून रक्ताची धार लागून डोळे भरले, बंदूक हातातून पडली. भावकी अजून उभीच होती.

बंदूक सुरेखाने उचलली. नळीकडून धरली. ती नळी चांगली तापलेली असणार, पण तिने सोडली नाही. दोन्ही हातांनी डोक्यावरून फिरवून तिने दस्ता दिन्याच्या नडगीवर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, तरी मला तो ओळखू आला. दिन्या आडवा झाला. मग तिने खांद्यावर घातला. मग हातावर, ज्या हाताला वेणीचा वेढा होता त्या हातावर. तोंडाने एक शब्द नाही. तो आई आई करत होता आणि ती भात झोडपावं तशी झोडपत होती. चौथा घाव डोक्याच्या रोखाने वर गेला, तेव्हा मी कशीबशी उठून तिच्या कमरेला मिठी मारली. "पुरे, सुरेखा, पुरे. मरेल तो." ती थांबली.

मागून तात्यांचा आवाज आला. डोळ्यांत रक्त असल्याने त्यांना काही दिसत नव्हतं. हाताने चाचपडत विचारत होते, "लागला का? कुनाला लागला? सुरेखाला नाय ना लागला?"

"नाही तात्या," मी म्हटलं. "ज्याला लागायचा त्यालाच लागला."

दिन्या मेला नाही. लंगडतो आणि हात वर जात नाही. केस अजून चालू आहे, तारखा पडतात. सुरेखा परत गेली नाही, वाल तीच करते. तात्या पुढच्या पावसाळ्यात लावणी आटोपल्यावर गेले, झोपेतच, असल्या माणसाला शोभणार नाही इतके गुपचूप. मी तेव्हा आजारी होते, शेवटचं बघायलाही मिळालं नाही. म्हणून माझ्यासाठी तात्या म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात पाहिलेले तात्या. मलाही जबाबाला बोलावलं होतं.

डोक्याला बँडेज, हात गळ्यात, सदऱ्यावर वाळलेलं रक्त. भावकीने आधीच जबाब दिला होता, की तात्यांनी नुसता धाक घालायला बाजूला बार काढला. आदल्या संध्याकाळी ज्यांचे पाय जमिनीला चिकटले होते, त्यांच्या जिभा आता चांगल्या सुटल्या होत्या. जमादारही समजूतदार होते. "काका, धाक दाखवायला बाजूला बार काढला, असंच ना?"

"धाक नाय, सायेब," तात्या म्हणाले. "मी त्याला मारायलाच गेलतो."

"काका, नीट विचार करून बोला."

"केलाय. लिवा. बार माजा, आन नंतरचा मार पन माजा. मीच त्याला दस्त्यानं झोडला."

"तुमचा खांदा निखळलाय, काका."

"तरी मीच मारला. ती पोर तिथं नव्हतीच. लिवा!" त्यांनी टेबलावर गुद्दा मारला, दुखला तसे कळवळले.

सुरेखा भिंतीजवळ उभी होती. गालावर धसांचे ओरखडे, दोन्ही तळव्यांना भाजल्याचे फोड. ती पुढे आली.

"खोटं बोलतात ते. मी मारलं."

"गप बस!" तात्या गरजले. अख्खं ठाणं बघायला लागलं. "तुला काय कलतं? जेलात घालतील तुला! मी म्हातारा मानूस, मला काय करनार हायत? तू गप बस!" आणि त्यांनी चांगला हात तिच्यावर उगारला. लेकीवर हात उगारलेला मी तेवढाच पाहिला.

सुरेखा हलली नाही. ज्या बाईने इतका मार खाल्ला, तिने साधी पापणी मिटली नाही.

"मारा," ती म्हणाली. "पन तात्या, आजवर माज्या नावावर नुसता खाल्लेला मार हाय. दिलेला येवढा एकच. तो तरी माजा मला ऱ्हाऊ द्या."

तात्यांचा हात तसाच वर राहिला. जमादारांनी पेन खाली ठेवलं. बाहेर हायवेवरून ट्रक गेला त्याने खिडकीच्या काचा वाजल्या. मग तो हात हळूहळू खाली आला, आणि तात्या बाकावर बसले. जो माणूस डुकराचा सुळा मांडीत घेऊन बसला नव्हता, तो बसला.

"लिवा सायेब, ती बोलते तसं," ते म्हणाले. "जोमाचा बार हुकला. मारलं ते माज्या पोरीनं."

आणि मग तोंडावर हातसुद्धा न घेता, सगळ्यांदेखत, ते मोठ्याने रडायला लागले.